सुडाची कैफियत

३० एप्रिल १९०८ च्या रात्री मुझफ्फरपूर येथील युरोपियन क्लबातून बाहेर पडलेल्या एका घोडागाडीवर खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी या दोन तरुणांनी बाँब फेकला. कलकत्त्यास मॅजिस्ट्रेट असताना राष्ट्रीय चळवळीतील माणसांना कठोर शिक्षा फर्मावणारा आणि एका कोवळ्या मुलाला फटके मारण्याचा हुकूम देणारा किंग्जफर्ड त्या गाडीत आहे, अशी त्यांची समजूत होती. गाडीत होत्या त्या केनेडी नावाच्या वकिलाची पत्नी आणि मुलगी; दोघीही प्राणास मुकल्या. या घटनेनंतर लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’त जे अग्रलेख लिहिले, त्यांपैकी १२ मेचा ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या दोन लेखांवरून त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला उभा राहिला. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे त्यांनी स्वतःच आपली बाजू मांडली. नऊ ज्यूररांपैकी सात जणांनी त्यांना दोषी ठरविले आणि २२ जुलै रोजी त्यांना सहा वर्षांची हद्दपारी सुनावण्यात आली. टिळकांचे म्हणणे थोडक्यात असे, की हे कृत्य निंद्य खरे, परंतु ते आकाशातून पडलेले नाही. सरकारने चालविलेल्या दडपशाहीने तरुणांची माथी भडकली आणि त्या भडक्यातून बाँब निघाला. सरकारपक्षाचे म्हणणे असे, की जो अपराधाचे कारण सांगतो तो त्याला आडून पाठिंबाच देत असतो.

निरपराध माणसांवर सुडापोटी झालेल्या अत्याचारांविषयी जो वाद आजवर चालत आला आहे, त्याची दोन्ही टोके या एका खटल्यात सापडतात. कारणमीमांसा आणि समर्थन यांत अंतर आहे की नाही, असल्यास ते किती, आणि ‘त्यांनी आमचे मारले म्हणून आम्ही त्यांचे मारले’ या वाक्याने खरोखर काही उलगडते काय, हे तीन प्रश्न वेगळे ठेवले नाहीत तर चर्चेचा नुसता गलका होतो. मला स्वतःला टिळकांची बाजू मान्य आहे: कारण सांगण्याची मुभा नसेल तर कोणताही समाज आपल्या हातून काय घडले हे समजू शकणार नाही. परंतु सुडाची कैफियत जितकी अधिक ऐकावी तितके मला असे वाटू लागले आहे, की ती निरपराधांच्या हत्येचे समर्थन तर करू शकत नाहीच, पण तिचे पुरते कारणही सांगू शकत नाही. सुडाने संतापाचा उगम कळतो. तो संताप अपराध्याला सोडून भलत्याच माणसाच्या दारात कसा जाऊन पोहोचला, हे मात्र कळत नाही. अपराधी आणि बळी यांच्यामध्ये कोणीतरी अदलाबदल केलेली असते, आणि ती करणारा मनुष्य पुष्कळदा दुखावलेला नसतोच.

आपल्या परंपरेत या अदलाबदलीचा विचार फार प्राचीन काळी झालेला आहे, आणि तो महाभारताच्या युद्धपर्वांइतकाच त्याच्या आदिपर्वात झालेला आहे, याकडे आपले लक्ष कमी जाते. तक्षकाने परीक्षिताला दंश केला म्हणून जनमेजयाने पृथ्वीवरील सगळी सर्पजात अग्नीत होमावयास काढली, आणि त्या सर्पसत्राच्या प्रसंगीच वैशंपायनाने भारताची कथा सांगितली. म्हणजे एका संपूर्ण कुळावर उगवलेल्या सुडाच्या मंडपात बसूनच हा ग्रंथ ऐकला गेला. त्याच पर्वात रुरूची कथा आहे. प्रमद्वरेला साप चावला, रुरूने स्वतःचे अर्धे आयुष्य देऊन तिला उठविले, आणि पुढे दिसेल त्या सापाच्या मस्तकात दंडा घालण्याचे व्रत घेतले. एके दिवशी त्याने दंडा उगारला तो एका डुंडुभावर, विष नसलेल्या जातीच्या सर्पावर. आणि त्या प्राण्याने त्याला विचारले, की मी तुझे काहीही केले नसता केवळ माझा आकार सापाचा आहे म्हणून तू मला मारतोस काय? शक्तीला राक्षसाने खाल्ले म्हणून त्याच्या पुत्राने, पराशराने, आबालवृद्ध राक्षसांचे सत्र मांडले, तेव्हाही पुलस्त्यादी ऋषींनी येऊन त्याला आवरले ते याच मुद्द्यावर, की यांतल्या कित्येकांना तुझ्या पित्याच्या मृत्यूची वार्ताही नाही. ही सत्रे थांबविण्यासाठी कोणाला तरी मधे पडावे लागले. सत्र मांडणारा स्वतःहून थांबला असे एकदाही घडलेले नाही.

अश्वत्थाम्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तिच्याकडे एकाच अंगाने पाहू. पित्याचा वध असत्याच्या आधाराने, शस्त्र खाली ठेवलेले असता झाला, ही त्याची तक्रार खरी होती, आणि व्यासांनी ती त्याच्या तोंडून पूर्ण आवेशाने वदविली आहे. कृपाचार्य त्याला रात्रीच्या हत्येपासून परावृत्त करू पाहतात, पण पांडवांनी धर्माचा बांध आधीच फोडला आहे, हे त्याचे उत्तर कृपांनाही खोडता येत नाही. तरीही धृष्टद्युम्नापाशी तो थांबत नाही. द्रौपदीचे पाच झोपलेले पुत्र आणि शेवटी उत्तरेचा गर्भ, येथवर त्याचे अस्त्र जाते. द्रोणाच्या वधात त्या गर्भाचा कसूर कोणता होता? ग्रंथ ही कैफियत अखेरपर्यंत ऐकून घेतो आणि तरीही तिला शाप देतो.

आता अर्वाचीन इतिहासाकडे वळू, आणि १८५७ कडे थोडे सावकाश पाहू. कारण येथे तारखांचा क्रम फार बोलका आहे, आणि दोन्ही पक्षांचे लेखक आपापल्या सोयीने तो मागेपुढे करीत आले आहेत. कानपुरास १५ जुलै रोजी बिबीघरात सुमारे दोनशे इंग्रज स्त्रियांची व मुलांची हत्या झाली. इंग्रज ग्रंथकारांनी पुढच्या सर्व फाशांचे आणि जाळपोळीचे मूळ या एका दिवसात दाखविले. परंतु नील या इंग्रज सेनाधिकाऱ्याच्या हुकमाने काशी आणि प्रयाग येथे जी सर्रास फाशी चालली, आणि त्याने पुढे धाडलेल्या रेनोच्या तुकडीने कानपूरच्या रस्त्यावर झाडांना जी खेडूत माणसे टांगली, ती बिबीघरापूर्वीची आहेत. तेव्हा पहिला हात कोणी टाकला, या प्रश्नाला प्रत्येक बाजूस आपल्या पसंतीची तारीख मिळते, आणि सुडाचे शास्त्र सारे या पसंतीवर उभे असते. नीलने २० जुलैनंतर कानपुरास येऊन कैद्यांना फाशीपूर्वी बिबीघरातील वाळलेले रक्त जिभेने साफ करावयास लावले, हे कृत्य मात्र निःसंशय बिबीघरानंतरचे आहे. आणि त्या कैद्यांचा त्या रक्ताशी संबंध होता काय, याची रुजुवात करण्याची गरज त्याला वाटली नाही.

याच प्रसंगातील दुसरी एक बाब मला अधिक महत्त्वाची वाटते. त्या हत्येचा हुकूम नेमका कोणाचा, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. परंतु बहुतेक वृत्तांतांत असे आढळते, की पहाऱ्यावरच्या शिपायांनी बायकामुलांवर गोळ्या झाडण्यास हात आखडता घेतला, आणि मग तलवारी घेऊन जी माणसे आत शिरली त्यांत बाजारातून आणविलेले कसाई होते. ज्या शिपायांचे भाऊबंद फासावर गेले होते, ज्यांची खेडी जळाली होती, ज्यांना सुडाचा काही हक्क सांगताच आला असता तर तो यांनाच, ते मागे हटले. आणि ज्यांचे काहीच गेले नव्हते त्यांनी ते काम पार पाडले. सुडाने हत्या झाली, असे म्हणणाऱ्याने या कसायांचे काय करावयाचे ते सांगितले पाहिजे.

झाशीची हकीगत तर मराठी माणसाने आपल्या डोळ्यांनी पाहून लिहून ठेवलेली आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि एप्रिल १८५८ मध्ये सर ह्यू रोजचे सैन्य झाशीत शिरले तेव्हा ते शहरातच अडकले होते. ‘माझा प्रवास’मध्ये त्यांनी त्या दिवसांच्या बिजनाचे जे वर्णन केले आहे, घरोघर शिरून पुरुषांना मारणे, हलवाईपुऱ्यातील आग, विहिरी, प्रेतांचे ढीग, ते वाचून मन सुन्न होते. जून १८५७ मध्ये जोखनबागेत सुमारे साठ युरोपियनांची बायकामुलांसह कत्तल झाली होती आणि तिचा वचपा म्हणून हे झाले, असे सांगितले जाते. परंतु जोखनबागेत तलवार चालविणाऱ्या पलटणी काही दिवसांतच दिल्लीकडे निघून गेल्या होत्या. दहा महिन्यांनी ज्यांच्यावर सूड उगवला ते कोष्टी, हलवाई, भट आणि सराफ होते. झाशी या नावाखेरीज त्यांच्यात आणि अपराध्यांत कोणताही दुवा नव्हता.

पुण्यात १८९७ साली जे घडले ते याच्याशी ताडून पाहण्यासारखे आहे. चाफेकर बंधूंनी २२ जूनच्या रात्री प्लेगच्या अधिकाऱ्याला, रँडला, लक्ष्य केले; सोबत आयर्स्ट मारला गेला तो ओळखण्यातल्या चुकीने. त्यांच्या मार्गाविषयी कोणाचे काहीही मत असो, लक्ष्य मात्र अधिकार गाजविणारी एक विशिष्ट व्यक्ती होती. उलट सरकारने काय केले? शहरात जादा पोलीस बसवून त्यांचा खर्च रहिवाशांकडून वसूल करण्याची तजवीज केली, आणि नातू बंधूंना १८२७ च्या रेग्युलेशनाखाली खटल्याशिवाय अटकेत टाकले. ही वसुली म्हणजे हत्या नव्हे, हे उघड आहे. तथापि ‘गुन्हा एकाचा, दंड गावाचा’ हे सूत्र दप्तरी भाषेत किती सहज बसते, ते तिच्यावरून दिसते. हे सूत्र बावीस वर्षांनी अमृतसरला बंदुकीच्या भाषेत बोलू लागले. १० एप्रिल १९१९ रोजी मिस शेरवुड या मिशनरी बाईवर जमावाने हल्ला केला. १३ एप्रिलला जालियनवाला बागेत जनरल डायरने केलेल्या गोळीबारात, सरकारी आकड्याप्रमाणे, ३७९ माणसे मेली. आणि जेथे त्या बाईला मारले त्या गल्लीतून लोकांनी पोटावर सरपटत जावे असा हुकूम निघाला. या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिटीपुढे मुंबईच्या चिमणलाल सेटलवाडांनी डायरची जी उलटतपासणी घेतली, तिच्यात त्याने आपला हेतू जमाव पांगविण्यापुरता नव्हता, साऱ्या पंजाबावर परिणाम घडविण्याचा होता, हे कबूल केले.

युरोपात दुसऱ्या महायुद्धात या सूत्राला गणिताचे रूप आले. प्रागमध्ये हायड्रिख या नाझी अधिकाऱ्यावर हल्ला झाला, तो ४ जून १९४२ रोजी मेला, आणि १० जूनला लिदित्से या खेड्यातील १७३ पुरुषांना गोळ्या घातल्या गेल्या, स्त्रिया छळछावणीत गेल्या, आणि ८२ मुले विषारी वायूने मारली गेली. त्या गावाचा हल्ल्याशी काहीही संबंध नव्हता. रोममध्ये २३ मार्च १९४४ च्या स्फोटात जर्मनांच्या पोलीस तुकडीतील ३३ जण मेले. एकास दहा असे प्रमाण ठरले. रात्रभर याद्या तयार झाल्या. तुरुंगातले, ज्यू म्हणून धरलेले, असे जे हाती लागले त्यांची नावे भरली गेली. आणि दुसऱ्या दिवशी आर्देआतिनेच्या गुहेत ३३५ माणसे मारली गेली, कारण मोजदादीत पाच अधिक निघाली आणि त्यांनी सर्व पाहिले असल्याने त्यांना सोडता येईना. त्या पाचांच्या मृत्यूला सुडाचे नाव कोण देईल?

कायद्यानेही येथवर येण्यास फार वेळ घेतला. १९०७ च्या हेगच्या नियमांत व्यक्तींच्या कृत्याबद्दल सर्व लोकसमूहाला दंड करू नये असे कलम होते, तरी न्युरेंबर्ग येथे १९४८ मध्ये ओलिसांच्या खटल्यातील न्यायाधीशांनी, काही अटी पाळून अगदी शेवटचा उपाय म्हणून ओलिसांना ठार करणे बेकायदा नव्हे, असे मत नोंदविले. जर्मन सेनापतींना त्यांनी शिक्षा दिली, परंतु तत्त्व तसेच राहू दिले. १९४९ च्या चौथ्या जिनीव्हा कराराच्या ३३ व्या कलमाने ही पळवाट बुजविली: स्वतः न केलेल्या अपराधाबद्दल कोणासही शिक्षा नाही, सामूहिक दंड नाही, संरक्षित व्यक्तींवर प्रत्याघात नाही. मनुष्यजातीला हे एवढे साधे वाक्य लिहिण्यासाठी विसाव्या शतकाचा मध्य गाठावा लागला.

समर्थकांची जी युक्तिवादाची शेवटची गढी आहे तिच्याकडेही गेले पाहिजे. तेथे असे म्हणतात, की निरपराध असा कोणी नसतोच. जो राज्याला कर देतो, त्याच्या बाजारात सौदा करतो, त्याच्या अन्यायावर गप्प बसतो, तो त्या अन्यायाचा भागीदार आहे. १८९४ साली पॅरिसच्या एका उपाहारगृहात सामान्य गिऱ्हाइकांवर बाँब टाकणाऱ्या एमिल आंरीने न्यायालयात हीच भूमिका घेतली, आणि तेव्हापासून ती निरनिराळ्या वेषांत फिरत आहे. तिच्यात सत्याचा एक अंश आहे तो नाकारू नये: गप्प बसणाऱ्याची काही जबाबदारी असते. परंतु जबाबदारीला मात्रा असते, आणि देहान्त ही सर्वांत मोठी मात्रा आहे; मौनाला आणि खुनाला एकच दंड सांगणारे शास्त्र न्यायाचे राहत नाही. शिवाय हीच भूमिका उलट बाजूलाही तितकीच लागू पडते, आणि ती मान्य करणाऱ्याने स्वतःच्या मुलाबाळांवरील हल्ल्याविरुद्ध तक्रार करण्याचा अधिकार गमावलेला असतो.

दुर्बलांना दुसरा उपाय नसतो, असाही एक युक्तिवाद आहे आणि तो अधिक सहानुभूतीने ऐकावा लागतो. त्यावर कल्यायेवचे उदाहरण मला निर्णायक वाटते. फेब्रुवारी १९०५ मध्ये हा रशियन क्रांतिकारक ग्रँड ड्यूक सर्गेईच्या गाडीवर टाकण्यासाठी बाँब घेऊन उभा होता. गाडी आली, तिच्यात ड्यूकची पत्नी आणि दोन मुले दिसली, आणि त्याने हात खाली घेतला. दोन दिवसांनी ड्यूक एकटा असताना त्याने बाँब टाकला आणि तो फासावर गेला. त्याच्याजवळ ना सैन्य होते ना न्यायालय, परंतु दोन मुलांकडे पाहून थांबण्याची शक्ती होती. तेव्हा दुर्बलतेमुळे माणसाची निवड करण्याची शक्ती नाहीशी होते, असे म्हणता येत नाही.

आपल्या देशात १९४६ च्या ऑगस्टपासून जी साखळी सुरू झाली तिची नावे एका दमात घेता येतात: कलकत्ता, नोआखाली, बिहार, गढमुक्तेश्वर, रावळपिंडी. बिहारमध्ये जे मारले गेले त्यांनी नोआखाली डोळ्यांनी पाहिलेली नव्हती, आणि मारणाऱ्यांतील बहुतेकांनीही नव्हती. वर्तमानपत्रे, सभा आणि २५ ऑक्टोबरचा ‘नोआखाली दिन’ यांनी ते अंतर तोडले. गांधीजी आधी नोआखालीत गेले आणि पुढे बिहारात, आणि दोन्ही ठिकाणी त्यांनी त्या त्या जागच्या बहुसंख्यांना अपराधाची कबुली देण्यास सांगितले. आणि त्यांच्याच हत्येचा सूड म्हणून १९४८ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्राने काय केले, हे आपण उघडपणे फारसे बोलत नाही. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि आसपासच्या गावोगावी, मारेकरी ब्राह्मण होता म्हणून, ब्राह्मणांची घरे जळाली, मुंबईत डॉ. नारायणराव सावरकर दगडांनी जखमी झाले ते पुरते सावरले नाहीत आणि पुढच्या वर्षी वारले; कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ भस्मसात झाला. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘वावटळ’मध्ये त्या दिवसांची धग उतरली आहे. ज्यांनी या जाळपोळीचा अभ्यास केला त्यांना जमीन, सावकारी, नोकऱ्या आणि स्थानिक सत्ता यांवरून आधीच धुमसत असलेली तेढ दिसून आली. त्या तेढीची कारणे खरी होती, आणि ब्राह्मण समाजानेही ती प्रामाणिकपणे तपासावयास हवीत. परंतु मग त्या ज्वाळांना गांधीजींचे नाव देणे खोटे ठरते.

१९८४ च्या दिल्लीतही हेच. ३१ ऑक्टोबरला पंतप्रधान इंदिरा गांधींची हत्या त्यांच्या दोन शीख अंगरक्षकांनी केली, आणि पुढच्या तीनचार दिवसांत, सरकारी गणतीप्रमाणे, दिल्लीत २,७३३ शीख मारले गेले. शोकाने वेडा झालेला मनुष्य मतदारयाद्या घेऊन फिरत नाही, रॉकेलचा पुरवठा करीत नाही आणि पोलीस ठाण्याला स्वस्थ बसण्याची सूचना देत नाही; साक्षींच्या जबान्यांत या साऱ्या गोष्टी आहेत.

मुंबईची हकीगत अखेरीस घेतो, कारण तेथे सुडाच्या दोन्ही बाजू एकाच अहवालात तपासल्या गेल्या आहेत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत सुमारे ९०० माणसे मेली. जानेवारीत जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत सहा माणसे जाळली गेली आणि तिच्या नावाने शहरभर सूड मागितला गेला. ८ जानेवारीपासूनच्या मुसलमानांवरील हल्ल्यांच्या संघटनेत शिवसेनेने पुढाकार घेतला, असा न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा निष्कर्ष आहे. मग १२ मार्च १९९३ रोजी शेअर बाजारापासून वरळी, दादरपर्यंत एकामागून एक स्फोट झाले आणि २५७ माणसे मेली, त्यांत सर्व धर्मांची माणसे होती. अयोध्या आणि मुंबई येथील घटनांची ती प्रतिक्रिया होती, असे आयोगाने म्हटले, आणि तसे म्हणताना त्या स्फोटांना तसूभरही क्षमा दिली नाही. टिळकांना जो भेद न्यायालयाला पटवून देता आला नाही, तो नव्वद वर्षांनी एका न्यायाधीशाने अहवालात स्वच्छपणे पाळलेला आहे.

परंतु स्फोटांच्या खटल्यात आणखी एक गोष्ट बाहेर आली. रायगडच्या किनाऱ्यावर, शेखाडीला, जे आरडीएक्स उतरले ते लाच घेऊन पुढे जाऊ देणारे सीमाशुल्क खात्याचे आणि पोलिसांचे लोक होते, आणि त्यांना शिक्षाही झाल्या. त्यांना अयोध्येचे दुःख नव्हते, मुंबईच्या दंगलीचे नव्हते. त्यांनी पैसे घेतले. कानपूरच्या कसायांपासून शेखाडीच्या अंमलदारांपर्यंत ही न दुखावलेली माणसे प्रत्येक सुडाच्या मध्यभागी उभी आहेत, आणि त्यांना वगळून सांगितलेले कारण अपुरे आहे.

स्फोटांच्या खटल्यात शंभर जण दोषी ठरले आणि ३० जुलै २०१५ रोजी नागपुरात एकाला फाशी झाली. दंगलींच्या निम्म्याहून अधिक फिर्यादी ‘ए समरी’ होऊन, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही अशा शेऱ्याने, मिटल्या. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल दोन खंडांत छापलेला आहे. तो वाचकांनी मिळवावा, आणि दंगलीचा भाग वाचून स्फोटांचा, किंवा स्फोटांचा वाचून दंगलीचा, गाळू नये.